खांद्यावरची खाच

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतींना टेकून उभी राहिली, आणि प्रकाशबाबांनी फ्रेम वर धरताच सगळ्यांनी माना उंचावल्या. फोटोत याच सभागृहातल्या खुर्चीवर बसलेली एक म्हातारी होती, आणि तिच्या मागे, सोनेरी उजेडानं वेढलेला, तिचा गेलेला नवरा.

"मी काही करत नाही हं," बाबा लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाले. "कॅमेरा साधा, मीही साधा. येणारा आपणहून येतो. ज्याला दिसत नाही, त्याच्या श्रद्धेला चष्मा लागलाय, इतकंच."

ती म्हातारी म्हणजे फोटोवालीची आई. मागे उभ्या असलेल्या फोटोवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपल्या स्टुडिओत दिवसभर लोकांच्या फोटोंवरचे डाग काढणारी ही बाई. खरं तर तिला लगेच संशय यायला हवा होता. पण तिनं फोटो पाहिलाच नाही, तिनं फक्त आपल्या वडिलांना, अप्पांना पाहिलं.

अप्पा गेल्यापासून त्या घरात दोन बायका आणि दोन बंद दारं होती. जेवणं आपापल्या वेळी व्हायची. फ्रेम घरी आल्यावर आई निदान बोलू लागली, पण फ्रेमशी. आणि एका सकाळी तिनं बॅग भरायला घेतली.

"रविवारी मी बाबांकडे राहायला जातेय. कायमची. घराचा पाश तोडला की हे रोज येतील, असं बाबा म्हणालेत."

"आणि मी रोज घरी येते, त्याचं काय?"

आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आता हे माणूसही जाणार होतं. बॅगेत सगळ्यात वर फ्रेम होती. फोटोवालीनं ती उचलली आणि पहिल्यांदाच कामाच्या नजरेनं पाहिली.

अप्पांच्या डाव्या खांद्यात खाच होती. गोल, सफाईदार. आणि तो दैवी उजेड इमानेइतबारे त्या खाचेतही शिरला होता.

"आई, तू त्यांना अप्पांचा फोटो दिला होतास?"

"ओळख पटायला सगळ्यांकडूनच मागतात. तळ्याकाठचा दिला. तू काढलेला."

तो फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर होता. फोटोवालीनं आईला जवळजवळ ओढतच तिथे नेलं आणि शेजारी बसवलं. स्क्रीनवर तळं आलं, अप्पा आले, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलेली आई आली.

"याला मास्क म्हणतात. फोटोवरचा पडदाच समज. काळा ब्रश फिरवला की तेवढं लपतं." तिनं तळं लपवलं, मग आईला लपवलं. खांद्यात खाच पडली. "आणि हा ग्लो. जे दिसतंय, त्याच्या कडेनं आपोआप उजेड पडतो. कड खरी की कापलेली, हे त्याला कळत नाही."

एक क्लिक केलं आणि अप्पा उजळले. खाचही उजळली.

"पण तो उजेड पुण्यवान माणसालाच मिळतो म्हणाले," आई पुटपुटली.

फोटोवालीनं कोपऱ्यातल्या मोडक्या पंख्याचा फोटो काढला आणि त्यावर हेच सगळं केलं. पंखाही तेजःपुंज झाला.

आई हसली नाही. "म्हणजे हे आलेच नव्हते."

"नाही."

"एकदाही?"

"नाही, आई."

आपण हिचा नवरा दुसऱ्यांदा नेला, असं फोटोवालीला वाटलं. मग आईनं स्क्रीनवरच्या खाचेवर बोट ठेवलं. "आणि इथली मी? पुसून टाकली?"

"लपलीस फक्त. मास्क काही पुसत नाही."

तिनं ब्रशचा रंग पांढरा केला आणि आईचा हात माउसवर ठेवला. आई हळूहळू फिरवत गेली. आधी केस परतले, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. उजेड खाचेतून निघून दोघांच्या भोवती सरकला.

"हा झगमगाट काढ," आई म्हणाली. "त्या दिवशी ढग होते."

रविवारी आई बाबांकडे गेली, पण बॅग न घेता. भर सभेत बाबांची फ्रेम आणि तळ्याकाठचा मूळ फोटो हातात धरून ती उठली.

"बाबा, हे माझ्यासाठी येतात म्हणता. मग येताना मलाच कापून कसे आले?"

"आत्म्याचे मार्ग गहन असतात, माउली."

"मार्ग माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. कुणालाही दाखवेल ती."

लोक आपापल्या फ्रेमा निरखू लागले. कुणाच्या आईला कमरेशी पट्टीनं आखल्यासारखी कड होती, आणि तीही झळाळत होती. कुणाच्या भावाच्या गळ्यात दुसऱ्याच कुणाचा तरी अर्धा हात राहिला होता. बाबा घसा फाडून श्रद्धेबद्दल बोलत होते. लोक फ्रेमा काखेत मारून, एकमेकांकडे न बघता बाहेर पडले. बरेच जण रडत होते.

गेलेल्या माणसाची आठवण येते, ती खरीच असते. तिला उजेडाची गरज नसते. तो उजेड कुणी देऊ लागला, तर हात जोडण्याआधी फोटोची कड बघावी, आणि कुठून कापलंय ते विचारावं.

त्या दिवशी दोघी एका टेबलावर जेवल्या. तिसरी खुर्ची रिकामी होती, आणि दोघींनाही ती रिकामीच दिसली.