बब्रुवानच्या मोटारखोलीतली शिकारीण

मी एक जुनी शिकारीण आहे, मित्रांनो. जातीने वटवाघूळ. फळं खाणारी आमची भावकी वेगळी. मी उंदीर खाते, बेडूक खाते, नाकतोडे खाते, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही.

ईट गावच्या शिवारात बब्रुवानच्या विहिरीवर एक पडीक मोटारखोली आहे. तिथेच आईच्या पोटाला बिलगून मी मोठी झाले. आईने मला ऐकायला शिकवलं. दिवस मावळला की मी कडब्याच्या गंजीजवळच्या बाभळीला लटकते आणि गप्प राहते. अंधारात भिंत, फांदी कळावी म्हणून मीही हलके आवाज सोडते, पण शिकार मी आधी कानांनीच हेरते. वाळल्या पाल्यात उंदराच्या चालीची खसखस वेगळी, नाकतोड्याची वेगळी. त्यातलं पोटभरीचं कोणतं, जवळचं कोणतं, हे मला बसल्या जागी कळतं. जो हलत नाही तो बहुधा वाचतो. धरलेलं मी खोलीत आणून निवांत खाते आणि नको ते खाली टाकते.

यंदा मला पिल्लू झालं. त्याला अजून उडता येत नव्हतं आणि घेऊन उडावं तर ते जड झालं होतं. नेमकं तेव्हाच बब्रुवानच्या करडाच्या कानाला रक्त लागलेलं दिसलं.

"ह्या खोलीतलं पाखरूच रगत पितंय," तो बायकोला, कोंडाबाईला म्हणाला. "मिरचीची धुरी देतो. पळतंय का मरतंय, बगू."

भरदुपारी त्याने घमेल्यात मिरच्या पेटवल्या. दार उघडंच होतं, मला सहज निसटता आलं असतं. मी गेले नाही. पिल्लाला पंखाखाली घेतलं आणि छत घट्ट धरलं. डोळे जळत होते. भीती वाटलीच, पण संताप त्याहून मोठा होता.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुरपी न्यायला कोंडाबाई तोंडाला पदर लावून आत आली आणि खाली बघून थबकली.

"अवो, इकडं या. ह्या शेपट्या बगा. आपली ज्वारी खाणारी उंदरं हायती ही."

"मग करडाचं काय?"

"त्ये बोराटीच्या कुपात मुंडकं घालतंय. काल म्याच काट्यातनं कान सोडवला."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमी इचारलं कुठं?"

बब्रुवानने घमेलं बाहेर नेऊन त्यावर पाणी ओतलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कामाचं हाय."

मित्रांनो, त्या शेपट्यांत चिमणीचं एक पीसही होतं. कोंडाबाईला ते दिसलं नाही. ती चिमणीही मीच खाल्ली होती. मी कुणाची ज्वारी राखायला बसलेली नाही, मी माझं आणि पिल्लाचं पोट भरते. 'कामाचं' म्हणून मला सोडलं, याचा मला अजून राग येतो. उद्या उंदीर संपले, तर पुन्हा धुरी देणार का?

तेव्हा आम्हाला जपा, पण उपकार फेडायला म्हणून नको. धुरी पेटवण्याआधी एकदा खाली बघा, एकदा वर बघा. वर कुणाचं तरी लेकरू असतं.

माझं पिल्लू अजून खोकतं. पण काल त्याने पहिल्यांदा पंख पसरून पाहिले. ते याच दारातून शिकारीला जाईल आणि याच दारातून परत येईल. मी इथून हलणार नाही.