मोज्यातली मास्तरीण

खरं तर हे मी सांगायला नको. मला बोलायची परवानगी आहे ती ‘चला’, ‘वेग वाढवा’ आणि ‘शाब्बास’ एवढ्यापुरतीच. पण दुकानात आत्ता कुणी नाही, म्हणून बोलते. मी शिंपीकाकांच्या मोबाइलमधली, व्यायाम करून घेणारी बाई. घरात मला सगळे मास्तरीण म्हणतात.

या घरात मी आले ती डॉक्टरांच्या रागामुळे.

“हृदयावर ताण येतोय. रोज मोकळ्या हवेत भरभर चाला,” ते काकांना म्हणाले.

“दिवसभर मशीनवर पाय मारतोच की!”

“तेवढ्यानं भागलं असतं तर इथं आला असता का? ऐकलं नाहीत, तर पुढच्या वेळी मी बोलणार नाही. ऑपरेशनवाले बोलतील.”

काकू घाबरल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीकडून मला मोबाइलमध्ये बसवून घेतलं.

पहिल्या दिवशी मैदानावर मी उत्साहानं ओरडले, “पोट आत! मान वर!” शेजारून जाणाऱ्या बायकांनीही पोटं आत घेतली. काका लाजेनं अर्धे झाले. दुसऱ्या दिवशी ते फाटकापर्यंत आले आणि “गिऱ्हाईक थांबलंय” असं मलाच सांगून मागे फिरले. माणसं फोनलाही थापा मारतात, हे मला तेव्हा कळलं.

दुकानात मी त्यांच्या खिशातच होते. पायडल सुरू झालं, खिसा हलू लागला. मला काय, हलणं म्हणजे चालणं! मी म्हणाले, “शाब्बास! छान वेग!”

काका थबकले. इकडेतिकडे पाहून त्यांनी मोबाइल हळूच पायमोज्यात खोचला. मग काय विचारता! एक पँट शिवून होईपर्यंत आम्ही डोंगर चढून यायचो. शाळेच्या गणवेशांचा हंगाम आला, तेव्हा तर मी त्यांना पाणी प्यायला विनवत होते.

आमचे आकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचे. तिथं आजवर काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान पहिले असत. त्यांनी लिहिलं, “काय साडू, घर सोडून पळालात की काय?” काका मिशीत हसले. काकू तर इतक्या निर्धास्त झाल्या, की त्यांनी बंद केलेलं तळण पुन्हा सुरू केलं.

एका रविवारी त्यांनी ठरवलं, घरात दोन-दोन पहिलवान आहेत तर सगळे मिळून टेकडी चढू. काकांनी टाचदुखी सांगितली, अर्जंट ब्लाउज सांगितला.

“अहो, मास्तरीण म्हणते तुम्ही रोज याहून जास्त चढता!”

पहिल्या वळणावर साडूभाऊ बसले. दुसऱ्यावर काका. ओठ पांढरे, हात छातीवर. मी ओरडले, “वेग कमी झालाय! हार मानू नका!”

“गप बस गं भवाने!” काकूंनी मला काकांच्या दंडावरच्या पट्ट्यातून ओरबाडून काढलं.

“तिला नको बोलूस,” काका धापा टाकत म्हणाले. “ती रोज... मोज्यात असायची. मशीनवर.”

कुणी हसलं नाही. काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. “मी आकडे बघत बसले हो. तुमच्याकडे बघितलंच नाही.”

त्या दिवशी थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि कान उपटले ते दोघांचेही.

आता मी ड्रॉवरमध्ये असते, खडू आणि कात्रीच्या मध्ये. संध्याकाळी दुकान बंद करून दोघं मैदानावर जातात. काकू बोलतात, काका ‘हूं’ म्हणतात. हूं म्हणताना दम लागला, तर त्या थांबतात. हे मला कधी जमलं नाही. मी अंधारात एकटीच बजावत असते, “आज तुम्ही जागचे हललाच नाहीत!”

तेव्हा मंडळी, मला जरूर सोबत न्या. पण आपल्या माणसाला दम लागलाय का, ते माझ्या आकड्यांत शोधू नका, त्याच्या चेहऱ्या... अगंबाई, साडूभाऊंचा फोन! आमचा आकडा शून्यावर आल्यापासून रोज काळजीनं विचारतात, “साडू अंथरुणाला खिळले की काय?” आता यांना कोण सांगणार, की काका-काकू आत्ता मैदानावर चालताहेत!