कंडक्टरबाई बसल्या त्या दिवशी

मी चाकांची खुर्ची बोलतेय. तुम्ही मला व्हीलचेअर म्हणता, तेही चालेल. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन छोटी, निळ्या रेक्झिनची बैठक आणि पाय ठेवायला दोन पट्ट्या, एवढाच माझा संसार. मला पाहिलं की लोकांचे चेहरे उगाच गंभीर होतात, आवाज खाली येतो. खरं सांगते, मी स्वभावाने मुळीच रडकी नाही. उतार दिसला की माझं मन आधी पळतं आणि चाकं मागून.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शेवटच्या टेबलापाशी तपासणीच्या ताई असायच्या. प्रत्येक खुर्चीत त्या स्वतः बसायच्या, एक गिरकी घ्यायच्या आणि "जा बाई, खूप फीर" म्हणून पाठीवर थाप मारायच्या. त्या आशीर्वादावर मी दुकानात आले, तर तिथे चार महिने एका जागी उभी. शेजारी काठ्या, कमरेचे पट्टे आणि एक वॉकर. वॉकर मोठा शिष्ट. "माझ्याबरोबर माणूस निदान चालतो तरी," असं त्याच्या उभं राहण्यातच दिसायचं.

मग एके दिवशी गळ्यात टेप अडकवलेले एक गृहस्थ आले. हे टेलरकाका. त्यांनी माझी मापं घ्यायला सुरुवात केली. बैठक अठरा, पाठ सोळा, हात साडेनऊ. खिशातल्या वहीत सगळं लिहून घेतलं आणि मागे सरून एक डोळा बारीक करून मला पाहिलं.

दुकानदार म्हणाला, "काका, खुर्ची घ्यायचीय की तिला ब्लाउज शिवायचाय?"

"आमच्या मोरीचं दार सव्वीस इंच आहे," काका म्हणाले. "ही पंचवीस भरते. बांधा."

घरी मला उलगडलं तेव्हा खिडकीशी एक उंच, भरभक्कम बाई बसल्या होत्या. या काकांच्या बायको. सगळी वस्ती त्यांना कंडक्टरबाई म्हणायची, कारण तीस वर्षं त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. त्या तीस वर्षांत उभ्यानेच गुडघे झिजले, मग संधिवाताने उरलेलं काम उरकलं. घरात भिंत, कपाट, टेबल धरत त्या फिरायच्या. बाहेर मात्र पन्नास पावलांवर पाय जवाब द्यायचे. त्यामुळे डॉक्टर सोडले तर त्या कुठे म्हणून जात नव्हत्या.

"हे काय आणलंत?" बाईंनी विचारलं.

"खुर्ची."

"घरात चार आहेत."

"हिला चाकं आहेत."

"मग बसा तुम्हीच. मी तीस वर्षं लोकांना सीट मिळवून दिली. मी सीट द्यायची माणूस आहे, घ्यायची नाही. न्या तिला."

काकांनी मला शिलाई मशीनमागे नेलं. पाच महिने मी पॅन्टच्या कापडाचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसले.

एक गोष्ट मात्र मला तिथेच कळली. बाईंची शेवटची अकरा वर्षं एकाच मार्गावर गेली होती. त्या मार्गाचा शेवटचा थांबा म्हणजे शहराबाहेरचं मोठं मनोरंजन उद्यान. पाळणे, पाण्यातल्या घसरगुंड्या, उलटीपालटी होत धावणारी गाडी. हजारो माणसांना बाईंनी त्या दारापर्यंत पोचवलं. बस दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात चहा घ्यायचा, भिंतीपलीकडच्या किंकाळ्या ऐकायच्या आणि परत फिरायचं. निवृत्त झाल्यावर पहिलं तिथे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण निवृत्ती आणि गुडघे यांचा मुहूर्त एकच निघाला.

काकांच्या डोक्यात हे घर करून होतं. त्यांनी गुपचूप तयारी आरंभली. वहीचं नवं पान काढलं आणि उद्यानात फोन लावला.

"तुमच्याकडच्या स्वच्छतागृहाचं दार किती इंच?"

पलीकडची मुलगी गोंधळली. "काका, असं कोणी विचारत नाही हो."

"मी विचारलं ना आता. मोजा. मी थांबतो."

वीस मिनिटं फोनमध्ये तीच ती धून वाजत होती आणि काका तिच्या तालावर काजं करत होते. शेवटी मुलगी धापा टाकत आली. "चौतीस इंच!" काकांनी तिला असा आशीर्वाद दिला, जसं तिने बोर्डात नंबर काढलाय. मग उतार किती, सावलीतले बाक किती, कोणत्या पाळण्याला पायऱ्या, पाणी कुठे, सगळं निघालं. तिसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःच फोन करून सांगायला लागली, "काका, बोटीपाशी अजून एक बाक सापडला!"

परगावी राहणाऱ्या लेकीला कुणकुण लागली. तिने फोनवर बापाला फैलावर घेतलं. "बाबा, आईला धड जिना उतरता येत नाही आणि तुम्ही तिला झोपाळ्यांवर नेताय? काही झालं म्हणजे?"

"काही होत नाहीये, हेच तर झालंय ना गं," काका म्हणाले. "सहा महिने काहीच होत नाहीये."

मग लेकीने बरोबर न्यायच्या औषधांची यादी सांगायला सुरुवात केली.

उरल्या बाई. त्यांच्यापुढे विषय काढायची काकांची छाती होईना. शेवटी एका सकाळी चहा पिताना ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी आपला एकटा जाऊन येतो उद्यानात. सतरा नंबरची बस पकडतो."

"सतरा?" बाईंचा कप हवेतच राहिला. "अहो, सतरा नंबर साबणाच्या कारखान्याला जाते!"

"मग चोवीस."

"चोवीस तर चौकातून वळते. तुम्हाला कोणी सोडलंय का एकटं? आणि शनिवारी मुळीच जायचं नाही, शाळांच्या सहली असतात. मंगळवारी जायचं. साडेदहाच्या आत दारात पोचायचं, नाहीतर रांग पार पार्किंगपर्यंत जाते. द्या ती वही इकडे."

दुपारपर्यंत वहीत बाईंचं अक्षर काकांच्या अक्षरावर स्वार झालं होतं. कुठे आधी, कुठे नंतर, किती मिनिटं. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की आपण जायचं कबूल करून बसलोय. तेव्हा त्यांनी अट घातली.

"ती खुर्ची सामानासाठी घ्या. मी बसणार नाही. आताच सांगून ठेवते."

मला काय, मशीनमागून निघाले हेच खूप.

मंगळवारी मी टॅक्सीच्या डिकीत. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण बाईंचा आवाज अखंड ऐकू येत होता. टॅक्सीवाल्याला त्या प्रत्येक वळण आधी सांगत होत्या. तो बिचारा एवढंच म्हणाला, "मावशी, नकाशा आहे माझ्याकडे."

"नकाशाला काय माहीत, इथे डावीकडून रिक्षा घुसतात ते!"

तेवढ्यात त्याने करकचून ब्रेक मारला. डावीकडून रिक्षा घुसली होती. त्यानंतर तो "हो मावशी" एवढंच म्हणत राहिला.

दारातून आत गेलो तेव्हा माझ्या बैठकीवर डबा, पाण्याच्या बाटल्या, छत्री, औषधांची पिशवी आणि दोन उशा होत्या. बाई माझ्या मागच्या मुठी धरून चालत होत्या. मुठींना आधार छान मिळतो, हे त्यांना तेव्हाच कळलं. पण ते कबूल कोण करणार? लोक वाकून बघायचे, खुर्चीत कोण आहे. दिसायची छत्री.

काकांनी या सहलीसाठी नवे बूट घेतले होते. आयुष्यभर मशीनवर बसून काम केलेला माणूस, चालायची सवय नाही. अर्ध्या तासात दोन्ही टाचा सोलवटून निघाल्या. ते लंगडायला लागले.

"बसा," बाई म्हणाल्या.

"मी? अगं, ही तुझ्यासाठी..."

"बूट काढण्यापुरते बसा म्हणते."

सामान मुठींना लटकलं आणि काका माझ्या बैठकीत आले. पाच महिने गठ्ठे वाहिल्यावर पहिलं माणूस बसलं, तेही चुकीचं! बाईंनी ब्रेक काढला आणि सरळ ढकलायलाच लागल्या. काकांच्या हातात बूट, पायांत नुसते मोजे.

समोरची गर्दी आपोआप दुभंगली. कोणीतरी म्हणालं, "आजोबांना वाट द्या." रांगेवरच्या माणसाने दोर सोडला. "आजी, आजोबांना या बाजूने घ्या. त्यांना अजिबात चालता येत नाही का?"

"नाही हो," बाई दुःखी चेहरा करून म्हणाल्या. "पहिल्यापासून जरा नाजूकच."

काकांचे कान लाल झाले. बाई मात्र रंगात आल्या होत्या. "बाजूला, बाजूला! पुढे सरका, मागे जागा आहे!" तो आवाज निघाल्यावर तीन अनोळखी माणसं खरोखर पुढे सरकली.

असं बरंच अंतर गेलो. मग माझ्या मुठींवरचं वजन वाढू लागलं. मला ते सगळ्यांत आधी कळलं. बाई ढकलत नव्हत्या, लटकत होत्या. एका झाडाखाली त्या थांबल्या. काकांनी मान वळवून पाहिलं. बाईंचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ घट्ट मिटलेले. काकांचा हात खिशातल्या वहीकडे गेला. वहीत त्या क्षणासाठी काही लिहिलेलं नसावं.

"उठा," बाई हळूच म्हणाल्या.

"हं?"

"उठा म्हणते. माझी पाळी."

काका असे उठले, जसं खाली काही टोचलं. बाई मुठी धरत, माझ्या हाताला धरत पुढे आल्या आणि बसल्या. पूर्ण वजन टाकून. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास सोडला. मी ब्रेक घट्ट धरून होते. त्या वेळी मी तसूभर हलले असते तर स्वतःला माफ केलं नसतं.

दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि पर्समधून घराची किल्ली काढली. माझ्या हाताच्या नळीवर ती आपटून पाहिली. टण्ण!

"ऐका. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. मध्ये आपली अक्कल चालवायची नाही."

टण्ण टण्ण! काका मोज्यांवर निघाले.

आम्ही थेट त्या उलटीपालटी होणाऱ्या गाडीपाशी गेलो. अकरा वर्षं बाईंनी तिच्याच किंकाळ्या ऐकल्या होत्या. तिथे मशीनवर एक तरुण ऑपरेटर होती. तिने बाईंना पाहिलं, खाली वाकली आणि नीट समजावून सांगितलं, "मावशी, वर गाडी बंद पडली तर चौऱ्याऐंशी पायऱ्या स्वतः उतराव्या लागतात. त्याशिवाय बसवता येत नाही."

काकांनी भराभर वहीची पानं उलटली. दारं होती, बाक होते, उतार होते. वरच्या पायऱ्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं. "अहो, काहीतरी करा," ते काकुळतीला आले. "एवढं लांबून..."

"तिला कशाला गळ घालता?" बाई म्हणाल्या. "नियम आहे. मीही लोकांना दारात लटकू द्यायची नाही. किती रुसायचे, तरी नाहीच द्यायची." बोलल्या ठणठणीत, पण हातातली किल्ली त्यांनी इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जा."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नाहीत. पण बायकोचा चेहरा पाहून बूट चढवले आणि गेले.

गाडी वर गेली, क्षणभर थांबली आणि कोसळली. चाळीस किंकाळ्यांमधून एक अगदी वेगळी ऐकू आली, शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी. "हे आमचे," बाई शेजारच्या बाईला म्हणाल्या.

काका परत आले ते केस उभे आणि चष्मा खिशात.

"काय दिसलं वरून?"

"डोळे मिटले होते."

बाई हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पुसताना हसू कधी थांबलं कळलं नाही, पाणी मात्र चालूच राहिलं. काका बघत राहिले. त्यांनी चष्मा दोरीने कानामागे बांधला.

"थांब. परत जाऊन येतो."

"अहो, वेडे झालात का?"

ते गेलेही. या वेळी किंकाळी आली नाही. खाली आले तेव्हा चेहरा कापसासारखा झाला होता, पण बोलायची घाई एवढी की श्वास पुरेना.

"सगळं पाहिलं. आधी नदी दिसते, मग ती एकदम डोक्यावर येते. आणि भिंतीपलीकडे तुझा थांबा दिसतो गं. बस उभी होती. कंडक्टर खाली उतरली होती. हातात कप. मान वर करून इकडेच बघत होती."

बाईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग विचारलं, "तरुण होती?"

"तेवढ्या उंचीवरून वय काय कळणार? उंच होती."

"हात केलात का तिला?"

"हात दांड्याला चिकटले होते."

"तेही खरं," बाई म्हणाल्या आणि किल्ली आपटली. टण्ण टण्ण!

त्यानंतर आम्ही फिरत्या घोड्यांवर गेलो. तिथे दोन घोड्यांच्या मध्ये माझ्यासारखीसाठी जागा होती. माझी चाकं पट्ट्यांनी बांधली आणि मीही फिरले. गोल, गोल, गाण्याच्या तालावर. शेजारचा पांढरा घोडा मान वर करून होता, माझ्याकडे पाहिलंही नाही. पण त्याला सोनेरी खांबावर ठोकलं होतं आणि मी फेरी संपल्यावर सुटणार होते. बाई तीनदा बसल्या. चौथ्यांदा काकांनी नाही म्हटलं, कारण त्यांना या घोड्यांवरसुद्धा गरगरत होतं.

आता मी दाराजवळ उभी असते. रेक्झिनला एक चीर गेली, तिला काकांनी आतून अस्तर लावून अशी शिवली की शोधून सापडणार नाही. पुढचं डावं चाक बोलतं. तेल घालूनही बोलतं. वय झालं की हे व्हायचंच.

बाईंनी नवं ठिकाण ठरवलंय, समुद्र. काका धास्तावलेत, कारण वाळूत माझी चाकं रुतणार. बाई म्हणतात, रुतली तर रुतली, चार माणसं बोलवू. खरं सांगायचं तर मी रुतणार आहे. चांगली हातभर रुतणार आहे. तेव्हा पुढच्या महिन्यात तुम्ही किनाऱ्यावर असलात आणि पाण्याच्या काठाशी एक निळी खुर्ची अडकलेली दिसली, तर कृपा करून हात लावायला या. पण उचलण्याआधी बाईंना विचारा, कुठे न्यायचंय ते. माझी खात्री आहे, त्या पाण्याकडे बोट दाखवतील.