वरच्या पायऱ्या

आमची मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बसल्या जागेवरून हलत नव्हती. लाडाचं नाव भिंगरी, पण बसायची मात्र पाटासारखी. जन्मापासून तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिनं तोंड उघडायच्या आत मी पाणी द्यायची, हात पुढे करायच्या आत खेळणं. कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर कामातून गेली होती, तरी तिला खाली ठेवलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे.

दर मंगळवारी केंद्रातून ताई यायच्या. न दिसणाऱ्या लहानग्यांना घरी येऊन शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी भिंतीलगत खरखरीत कापडाची पट्टी चिकटवून घेतली, म्हणजे हाताला वाट सापडेल. आणि मला बजावलं, "डबा वाजवा, आणि थांबा. ती येईल डब्याकडे."

"थांबायचं म्हणजे करायचं काय?"

"काहीच नाही."

"तेच तर जमत नाही मला!"

त्या मंगळवारी मी शिवायला बसले होते. शाळेच्या गणवेशांची घाई होती. एक बाई माप देऊन गेल्या. तेवढ्यात मशीनची सुई तुटली. नवी बसवून मान वर केली, तर भिंगरी जागेवर नाही.

पलंगाखाली पाहिलं. न्हाणीघरात भरलेल्या बादलीत आधी हात घातला, मग डोळे उघडले. नव्हती. आणि बाहेरचं दार अर्धवट उघडं होतं.

मी अनवाणीच दोन मजले उतरून रस्त्यावर आले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, "दादा, माझी मुलगी दिसली का?"

"ती कुठे चालते, वहिनी?" तो म्हणाला. वाईट हेतू नव्हता त्याचा, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात समोरून ताई आल्या. मी त्यांच्यावरच धावून गेले. "तुमच्यामुळे! हलवा म्हणालात, सोडा म्हणालात. आता शोधून द्या!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघी जिना चढू लागलो. दर मजल्यावर मी हाका मारत होते. शेवटी त्यांनी माझा दंड धरला. "जरा गप्प राहा. ऐका."

वरून आवाज येत होता. टण. टण. कुणीतरी कठड्याच्या लोखंडावर थापट्या मारत होतं.

मी खाली शोधत सुटले होते. ती वर गेली होती.

आमच्या दारापासून नवव्या पायरीवर ती बसली होती. गुडघे काळे झालेले, गालाला जळमट. गजावर थाप मारायची, आवाज विरेपर्यंत मान कलती करून ऐकायची, मग पुढच्या गजावर.

"उचला तिला," ताई पुटपुटल्या.

मी तिच्यापासून दोन पायऱ्यांवर जाऊन पोचले, हात पसरले, आणि का कोण जाणे, तिथेच थांबले.

"भिंगरी, आई आलीये."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, आता हात पुढे करेल. तिनं तळहातानं वरची पायरी चाचपली आणि म्हणाली, "अजून."

आणि चढली. मी मागोमाग, दोन्ही हात तिच्या कमरेपासून वीतभर दूर. चार पायऱ्या. इतकं लांब मी आयुष्यात कधी चालले नव्हते. पाचवीवर तिचा पाय घसरला, तेव्हा मात्र झेललं. ती चिडून रडली. पडली म्हणून नव्हे, उचललं म्हणून.

खाली आल्यावर मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "रागावलात ते बरोबरच होतं. दाराचं सांगायला मीच विसरले. आजच दाराला फाटक लावून घ्या."

संध्याकाळी सुतारानं फाटक लावलं. तासाभरात भिंगरीनं कडी चाचपून काढली. मी ताईंना फोन केला, तर त्या हसायलाच लागल्या. मला हसू येईना, आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटेना. एक हात फाटकावर ठेवून मी सुताराला परत बोलावणं धाडलं, कडी बाहेरून बसवायला.