कार्निव्हलच्या सुरांखालचे रडणे

मित्रांनो, व्हेनिसच्या मुलींच्या अनाथाश्रमात माणसाहून उंच असे खर्जाचे एक जुने व्हायोलिन होते. ते मीच. माझी पाठ मेपलच्या लाकडाची, तारा मेंढीच्या आतड्याच्या. तिथल्या मुली संगीत शिकत आणि लोकांसमोर वाजवत. मला कात्तीना वाजवी. तिची जिवलग मैत्रीण ओर्सोला ओबो फुंके; आपल्या सनईच्याच जातीचे ते वाद्य.

एका हिवाळ्यात ओर्सोलाची छाती भरली. वैद्यांनी बजावले, हिला फुंकू देऊ नका. पण पाहुणा राजपुत्र तिलाच ऐकायला आला होता, म्हणून कारभारी सिन्योर ग्रादेलीन यांनी तिला उभे केले. ती शेवटपर्यंत वाजवत राहिली आणि काही दिवसांत गेली. त्यावर सिन्योरांचा हुकूम सुटला: कार्निव्हल तोंडावर आहे, शोक नको, तिचे नावही नको, एक नवी आनंदी रचना हवी.

आमच्या संगीतशिक्षिका झानेत्ताबाईंनी ती रचली. वर व्हायोलिने नाचत होती. खाली माझ्या तारांवर मात्र सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरत होता, पुन्हा पुन्हा. नाटकात कोणी मेले की हीच चाल वाजे. व्हेनिसच्या कोळणींनाही ती ठाऊक होती.

ती आश्रमाच्या चर्चमध्ये वाजली. तिथे टाळ्या चालत नसत. लोक खोकून, पाय घासून दाद देत. त्या दिवशी कोणी खोकले नाही. एका मासळीवालीने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती हुंदके देऊ लागली.

सिन्योरांनी बाईंना बोलावले. "त्या पोरीचं नाव काढायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"नाव कुठं काढलं, सरकार? तुम्हाला तीच का आठवली?"

बाईंची जागा गेली. सिन्योरांनी दुसऱ्या संगीतकाराकडून खर्जाचे सूर बदलून घेतले. ते आता उड्या मारू लागले. पुढच्या रविवारी कात्तीनाने जुनेच वाजवले, तेव्हा सिन्योरांनी सर्वांदेखत माझ्या तारा कापायला लावल्या. कात्तीना माझी मान घट्ट धरून उभी राहिली, रडली नाही. मी आतून पेटलो होतो, पण तारांवाचून बोलणार कसा?

आज मी संग्रहालयात काचेआड आहे. मला हलक्या हाताने पुसतात. ती रचना मात्र अजून त्या उड्यांसकट लग्नांत वाजते आणि लोक म्हणतात, किती प्रसन्न! माझी चीड अजून गेलेली नाही. माझे लाकूड जपता आणि माझे म्हणणे पुसून टाकता?

मित्रांनो, जुने संगीत ऐकाल तेव्हा वरच्या नाचावर भुलू नका. त्याच्याखाली कोणाचे रडणे खोडले आहे, ते आधी विचारा.