टोकावड्याचं पान

सोनकीचं वाळलेलं फूल रेश्माने दोन बोटांत अलगद उचललं, मागे गोंदाचा ठिपका लावला आणि पानाच्या कोपऱ्यावर ठेवून अंगठ्याने दाबलं. दहा दिवस जुन्या वर्तमानपत्रात गादीखाली राहूनही त्याचा पिवळेपणा पुरता गेला नव्हता.

"मम्मी, याच्याखाली काय लिहू?" वैष्णवीने विचारलं.

"लिही, घाटावर सोनकीची फुलेच फुले होती."

"मी तर एकच तोडलं."

"मग एकच लिही."

वैष्णवी तिसरीत होती. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून ‘आमची सहल’ या विषयावर चिकटवही करायची होती. मुलांनी स्वतःच करायची, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. त्यामुळे पाडव्याच्या दुपारी सापगावातल्या निम्म्या आया कात्री आणि गोंद घेऊन पडवीत बसल्या होत्या. रेश्माचा हात मुळातच चांगला. नर्सिंगचा कोर्स करताना तिने काढलेली हृदयाची आकृती मॅडमनी वर्षभर वर्गात टांगून ठेवली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्या हाताला भाकऱ्या आणि रांगोळी सोडून फारसं काही मिळालं नव्हतं. मिळाली ती ही चिकटवही, म्हणून तो जरा जास्तच चालत होता.

सहल नाणेघाटची. कोजागिरीनंतरच्या रविवारी तिचा नवरा संदेश अचानक म्हणाला होता, "चल, डोंगर चढून येऊ. तुझ्याच बाजूला जाऊ." भात पिकून शेतात उभं असताना डोंगर चढायला निघालेलं सापगावातलं ते पहिलंच घर असावं. आटगावच्या कारखान्यात सहा दिवस राबून सातव्या दिवशी झोपणारा हा माणूस आपल्याला फिरायला नेतोय, याचाच रेश्माला इतका आनंद झाला की कारण विचारायचं तिला सुचलंच नाही. सासू गिरजाबाई गुडघे धरून का होईना, गाडीत बसल्या. चढल्या मात्र नाहीत. पायथ्याच्या टपरीवर चहा घेत बसून राहिल्या. बाकी तिघं दगडी पायऱ्यांनी वर गेली, गुहेतली न समजणारी अक्षरं पाहिली, जकातीच्या दगडी रांजणात डोकावली. उतरताना वैष्णवीने बापाच्या खांद्यावर बसायचा हट्ट धरला आणि तो चक्क पुरवला गेला. असा दिवस रेश्माने या घरात पाहिला नव्हता.

म्हणून तर तिला अपराधी वाटत होतं. पलंगाखाली तिची पिशवी भरून तयार होती. चार साड्या, दोन पांढरे कोट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नेमणुकीचं पत्र.

पत्र भाद्रपदात आलं होतं. तिच्या माहेरच्या टोकावड्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी नर्स, राहायला मागची खोली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाला हजर न झाल्यास निवड रद्द. घरात सगळ्यांनी ते वाचलं. संदेश म्हणाला, बघू. गिरजाबाई म्हणाल्या, भात घरात येऊ दे, मग बघू. या घरात कोणी कधी कशाला नाही म्हणत नसे. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. नऊ वर्षांत तीन नोकऱ्या ‘बघू’मध्ये गेल्या होत्या, आणि तिसरीच्या वेळी तर रेश्मानेच मैत्रिणीला सांगून टाकलं होतं की मलाच नको होती. ते आठवलं की अजून तिचे कान तापत.

या खेपेला तिने फोनवरून धाकट्या भावाशी, नवशाशी ठरवलं होतं. भाऊबीज गुरुवारी. नवशा ओवाळून घ्यायला येईल आणि दरवर्षीसारखा मुराळी होऊन बहिणीला आठ दिवस माहेरी नेईल. मुराळ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, ही रीत गिरजाबाईही मोडणार नव्हत्या. शुक्रवारी टोकावड्याहून चालत जाऊन हजर व्हायचं. एकदा सही झाली की मग काय व्हायचं ते होईल.

"संपलं का गो?" गिरजाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात एक फोटो होता. "ह्यो ऱ्हायला. संदेशला सांगून ह्यो बी धुऊन घेतला. लाव ना."

फोटो थोडा तिरका आला होता. परतताना चहापुरते टोकावड्याला थांबले होते, तेव्हाचा. रेश्माची आई, बाईजा, उंबऱ्याशी वाकून लेकीची ओटी भरत होती. नारळ, खण, तांदूळ. आईच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. मागे वडील महादू टोपी सावरत उभे. गिरजाबाईंनीच तेव्हा म्हटलं होतं, "विहीणबाई, लेक दारात आलीय, ओटी भरून पाठवा." आणि संदेशचा मोबाईल हातात घेऊन फोटोही त्यांनीच काढला होता. बटन कुठलं, हे दोनदा विचारून.

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूला एवढं तरी वाटलं. तिने त्या फोटोसाठी अख्खं पान घेतलं. कडेने भाताच्या लोंब्यांची वेल काढली आणि मथळा वैष्णवीला न देता स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला: ‘माझे आजोळ टोकावडे. येथे आजीने मम्मीची ओटी भरली.’ खाली तारीख घातली. सगळ्या वहीत तेच पान सर्वांत देखणं झालं.

"झकास," गिरजाबाई म्हणाल्या आणि वही स्वतःच उचलून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराला नवशा मोटरसायकलवरून आला. साडी, फराळाचा डबा आणि भाचीला रंगांची पेटी घेऊन. रेश्माने ओवाळलं, तो वाकून तिच्या पाया पडला. जेवणं झाली. गिरजाबाईंनी त्याला आग्रहाने दोन करंज्या जास्त वाढल्या. नवशा मुळात भिडस्त, त्यात पोट भरलेलं. पाट सरकवून बसला, घसा साफ केला आणि ठरलेलं वाक्य म्हणाला.

"मावशी, मग ताईला नेतो. आठ दिवस."

"कुठं नेतोस?"

"म्हायेरी."

गिरजाबाई हसल्या. "अरे, आत्ताच तर येऊन गेली. वैष्णवी, तुझी वही आन. मामाला दाखव तरी, कशी केलीस ती."

वैष्णवी वही घेऊन पळत आली. गुहा, रांजण, फूल सगळं मागे टाकत गिरजाबाईंनी बोटाला थुंकी लावून थेट ते पान काढलं आणि नवशासमोर धरलं.

"हे बघ. तुझ्या आयेनं ओटी भरली. तुझा बापूस मागं उभा हाय. तारीख बी घातलीय, तुझ्या बहिनीच्याच हातची. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ओटी घेऊन लेक सासरी आली म्हंजे वर्साचं म्हायेर झालं. आता पंधरा दिसांत परत नेलीस तर लोक म्हनतील, सासरी काय त्रास हाय काय तिला?"

नवशाने पान पाहिलं. मग मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

"आनि परवा आमची जना येतेय," गिरजाबाई सुपारी कातरत म्हणाल्या. "लेक म्हायेराला येनार आनि सून घरात नाय, बरं दिसतं का ते?"

रेश्मा माजघराच्या दारात ताटं घेऊन उभी होती.  गुडघे दुखत असताना बाई त्या गाडीत का बसली, डोंगर चढायचा नव्हता तर टपरीवर चार-पाच तास कशासाठी थांबली, ज्या बाईने जन्मात मोबाईलला हात लावला नाही तिला त्याच घटकेला फोटो काढायचं का सुचलं, हे सगळं तिला एका झटक्यात समजलं. गोगलगाय अन् पोटात पाय. सासूचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. फास सासूने आणला होता हे खरं. त्याला वेलबुट्टी काढून वर तारीख घालणारी ती स्वतः होती. त्या दिवशीचा डोंगर, तो वारा, बापाच्या खांद्यावरची पोर, सगळंच नासल्यासारखं झालं. संदेशला हे ठाऊक होतं का? तो हात धुऊन टॉवेल शोधत होता, आणि टॉवेल समोरच्या दोरीवर असूनही त्याला सापडत नव्हता. तेवढ्यावरून तिला कळलं.

"तसं असंल तर..." नवशा उठला. रीतीपुढे त्याचं काही चालत नव्हतं. भांडण करायचं तर कशावर, फोटोवर? "पुढल्या खेपेला नेतो मग, मावशी."

"नेशील ना. पौषात बघू की," संदेश तिकडूनच म्हणाला.

नवशा बाहेर जाऊन गाडीवर बसला. किल्ली लावली, पण फिरवली नाही. आतून ताटं खाली ठेवल्याचा आवाज आला. रेश्मा पलंगापाशी खाली बसली होती. उद्या सकाळी दहा वाजता तिकडे कोणीतरी तिच्या नावापुढे रेघ मारील, आणि परवा ती जनासाठी पुरण वाटत असेल. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, वयाची मर्यादा उलटेपर्यंत हेच.  मग तिने पदराने तोंड पुसलं आणि पिशवी ओढली.

ती अंगणात आली तेव्हा गिरजाबाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. संदेश खांबाला टेकून उभा.

"नवशा," रेश्मा म्हणाली, "आई म्हनतात ते खरं हाय. माझं म्हायेर झालं."

गिरजाबाईंनी मान हलवली.

"म्हनून मी म्हायेरी येत नाय. मला उपकेंद्रावर सोड. उद्यापासून ड्यूटी हाय माझी. तिथं राहायला खोली हाय."

 माहेराला मुराळी लागतो, ओटी लागते, सासूचा हुकूम लागतो. नोकरीला काय लागतं, याची रीत या घरात कोणी घालूनच दिली नव्हती. गिरजाबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"आनि पोर?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

हे येणार, हे रेश्माला माहीत होतं. ठरलेल्या बेतात वैष्णवी तिच्याबरोबर माहेरी असायची. आठ दिवस आजोळी, पुढचं पुढे. आता तिला नेण्याचं काही कारण उरलं नव्हतं. सोमवारपासून शाळा, अभ्यास, बाई, मैत्रिणी, सगळं इथेच. सासूचं शेवटचं कुलूप ते होतं, आणि ते खरंखुरं होतं.  रेश्माने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तिची शाळा इथं हाय," ती म्हणाली. "ती इथंच राहील. तुमी हाव, तिचा बाप हाय."

गिरजाबाईंचं तोंड उघडं राहिलं. आई पोरीला सोडून पायरी उतरेल, एवढं मात्र त्यांनी धरलं नव्हतं.

"रेश्मा, थांब जरा," संदेश म्हणाला. "बसून बोलू. आई बी... आपन बघू ना."

"सकाळी तिची वेनी मागनं धरून घाला, नायतर दुखतं म्हनते," रेश्माने त्याला सांगितलं. "डब्यात वांगं देऊ नका."

त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत तिने त्याला काही करायला सांगितलं आणि त्याने लगेच मान डोलावली, असं बहुधा पहिल्यांदाच होत होतं. दोघांनाही ते जरा विचित्र वाटलं.

नवशाच्या कपाळावर घाम आला होता. "ताय, घरी आयेला काय सांगू? दारावरनं गेली आनि आत नाय आली, असं?"

"सांग, ड्यूटी संपली की संध्याकाळी चहाला येईल."

त्याने पुन्हा एकदा गिरजाबाईंकडे पाहिलं, परवानगीसाठी. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या रेश्माच्या पिशवीकडे पाहत होत्या, किती दिवसांची भरली आहे याचा अंदाज घेत असाव्यात.

रेश्मा गाडीवर मागे बसली. वैष्णवी नव्या रंगांची पेटी छातीशी धरून गाडीजवळ आली होती. ती रडत नव्हती. रडली असती तर रेश्मा उतरली असती, आणि हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. गिरजाबाई तर पोरीच्या तोंडाकडे वाट पाहिल्यासारख्या पाहू लागल्या.

"मम्मी, कधी येशील?"

"रविवारी."

"रविवारी जना असंल घरात," गिरजाबाई शेवटी म्हणाल्या. "लौकर ये सकाळी."

 रेश्माने हात पुढे करून पोरीच्या फ्रॉकची मागची सुटलेली गाठ बांधली, आणि बांधून झाल्यावरही हात तिथेच ठेवला. नवशाने किल्ली फिरवली, तरी तो निघाला नाही.

वैष्णवीने आईचा हात आपल्या पाठीवरून काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

"मामा," ती म्हणाली, "हळू चालव हां."