शिंपीकाकांच्या दारातली खुर्ची

मी एक जुनी, हातांची खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्या दोन्ही हातांची टोकं जरा निरखून पाहा. कशी गुळगुळीत झाली आहेत! एवढी झिलई पॉलिशने येत नाही. ती माणसांच्या तळव्यांनी आणली आहे.

चढाच्या रस्त्यावर मधोमध शिंपीकाकांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना बसायला म्हणून त्यांनी मला एका म्हाताऱ्या सुताराकडून करून घेतलं. दुकानात कापडाचे गठ्ठेच इतके, की मला दारात, पत्र्याच्या सावलीत बसवलं. तिथे गिऱ्हाइकं कमी आणि दमलेले आजी-आजोबाच जास्त टेकू लागले.

त्यात एक होत्या नर्सआजी. दवाखान्यातली नोकरी कधीच संपली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. चढाच्या वर त्यांची धाकटी बहीण राहायची. ती अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी तिची वेणी घालायला आजी पिशवीत फणी घेऊन निघायच्या, माझ्यावर घटकाभर विसावायच्या आणि माझे हात दाबून उठायच्या.

"आजी, खुर्चीला भाडं लावू का आता?" शिंपीकाका विचारायचे.

"लाव की! आधी माझ्या पिशवीचा बंद शिव. उद्या-उद्या करत वर्ष घालवलंस, मेल्या!"

हे भांडण ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

मग रस्ता नवा झाला. काळ्या दगडाचे सुंदर बाक आले. चकचकीत, बुटके, पाठ नाही, हात नाहीत. त्यांच्यापुढे मी अगदीच गबाळी दिसू लागले. त्यातून माझा एक पाय डुगडुगत होता. काकांनी मला आत, चिंध्यांच्या ढिगाशेजारी ठेवलं. माझ्या पाठीत कोळ्याने घर केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, माणसांची सोय झाली ना, मग झालं!

एका सकाळी दारातून मला नर्सआजी दिसल्या. त्या दारासमोरच्या बाकावर बसल्या खऱ्या, पण उठता येईना. त्यांनी गुडघ्यांवर हात दाबले, पुढे झुकल्या, पुन्हा मागे बसल्या. कुणी पाहू नये म्हणून उगाच पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. मी आत तडफडत होते, पण खुर्चीला कुठलं चालता येतं! शेवटी काकांचं लक्ष गेलं. ते धावले. निरोप मिळताच आजींचा मुलगाही आला.

"आई, पुरे झालं आता. एकटीने निघायचं नाही. रविवारी मी नेईन गाडीने."

आजी खाली बघून म्हणाल्या, "तिची वेणी रविवारपर्यंत थांबते होय रे?"

मुलगा त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेला.

त्याच दुपारी काकांनी मला बाहेर काढलं. तो म्हातारा सुतार आता राहिला नाही, त्याचं काम त्याची लेक बघते. तिने माझा पाय घट्ट बसवला, कोळ्याला हुसकावलं आणि मी त्या बाकाला खेटून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या इंजिनीअरबाई आल्या. दिवस भरत आलेले, चढ चढून धाप लागलेली.

"काका, नव्या रस्त्यावर हे जुनं सामान नको. उचला बरं," असं म्हणत त्या बाकावर बसल्या.

"उचलतो ना बाई. तुम्ही उठलात की लगेच."

बाई उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. पुन्हा प्रयत्न केला. मग हळूच त्यांचा तळवा माझ्या हातावर आला. मी सगळा जीव त्या पायात एकवटला. बाई उभ्या राहिल्या.

"हा बाक कागदावर काढला कुणी हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बाई."

बाई खळखळून हसल्या. "तेव्हा मी दोन जिवांची नव्हते ना!"

मग त्यांनी नर्सआजींची गोष्ट नीट ऐकून घेतली. सुताराच्या लेकीला बोलावलं. तिने माझ्या हातांची मापं घेतली. मला गुदगुल्या झाल्या! काही आठवड्यांतच चढावरच्या प्रत्येक बाकाला लाकडी हात बसले, बैठकही उंच झाली.

आजी पुन्हा आल्या. मुलगा चार पावलं मागे, श्वास रोखून उभा. आजी बाकावर बसल्या, विसावल्या, हात दाबून आपल्या आपण उठल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "आता जा की कामाला! आणि शिंप्या, माझा बंद?"

आता माझ्यावर फारसं कुणी बसत नाही. पण कडेवर बाळ घेतलेली एखादी आई टेकते आणि उठताना माझाच हात धरते.

मित्रांनो, घरी आजी-आजोबांना बसायला जागा तर सगळेच देतात. तुम्ही ते उठताना पाहा. त्यांचा हात टेकायला काय शोधतो, ते पाहा. तिथे काहीच नसेल, तर सुताराला सांगा. आणि सुतार येईपर्यंत तुमचा हात पुढे करा.